आलात कुठल्या दारानं?

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आमच्या दुकानात डीटीपीवाल्यांचे असतात. अंकांची पानं लावायची घाई, आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तरी मशीन बसतं. गेल्या मोसमात एक ताई रिक्षातून सीपीयू घेऊन आल्या. मागोमाग त्यांचा भाचा, रात्रभर जागलेला.

"भाऊ, डिस्क गेली का हो? आत तीन अंकांची पानं आहेत."

भाच्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. विंडोज टाकताना पडद्यावर आलेला इंग्रजी मजकूर होता. त्याचा अर्थ असा: या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही. निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे. ईएफआय यंत्रणेवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच बसतं. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी यातलं पहिलं वाक्य वाचतात आणि डिलीट दाबतात. खरं कारण पुढच्या दोन वाक्यांत असतं.

मी भाच्याला विचारलं, "आलास कुठल्या दारानं?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचं चूक नाही. मशीन सुरू व्हायला दारं दोन असतात हे कुणी सांगतच नाही.

जुनं दार बायोसचं. आम्ही त्याला लेगसी म्हणतो. मशीन चालू झालं की बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. जेमतेम ५१२ बाइट. त्यात ४४६ बाइटांचा इवलासा प्रोग्राम, ६४ बाइटांत चार पार्टिशनच्या नोंदी आणि शेवटी २ बाइटांची खूण. हा झाला एमबीआर, १९८३ सालच्या डॉस २.० पासून चालत आलेला. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांतच लिहायचा, त्यामुळे सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढची जागा त्याच्या हिशेबातच येत नाही.

नवं दार यूईएफआयचं, फोटोतलं ईएफआय ते हेच. ते त्या ४४६ बाइटांच्या वाटेला जात नाही. डिस्कवरचं एफएटी३२ पद्धतीचं एक लहान पार्टिशन उघडतं आणि त्यातली ठरलेली फाइल चालवतं. त्याची जोडी जीपीटी या नव्या पार्टिशन टेबलाशी. तिथे विंडोजमध्ये १२८ नोंदी मावतात आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

डिस्क म्हणजे जमीन धरली, तर पार्टिशन टेबल हा तिचा सातबारा. यूईएफआयच्या दारानं आलेलं विंडोज जुन्या उताऱ्यावर घर बांधत नाही आणि लेगसीनं आलेलं नव्या उताऱ्यावर बांधत नाही. लिनक्स एवढं कडक नाही. लेगसीनं येऊन जीपीटीवर बसायचं असेल तर ग्रब या त्याच्या बूट प्रोग्रामसाठी एक एमबीचं वेगळं पार्टिशन राखलं की भागतं. सांगायचं ते इतकंच, की जमिनीत दोष नसतो.

ताईंच्या मशीनची गोष्ट मग उलगडत गेली. पीसी २०१८ चा. विकणाऱ्यानं जुन्या सवयीनं लेगसीवर विंडोज १० टाकून दिलेलं. सात वर्षं बिनतक्रार चाललं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, म्हणून भाच्यानं ११ टाकायचं मनावर घेतलं. ११ ला यूईएफआय आणि सिक्युअर बूट लागतं असं वाचून त्यानं बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद केलं. सीएसएम म्हणजे नव्या मशीनमध्ये ठेवलेलं जुनं दार. ते लावून घेतल्यावर आतलं विंडोज १० बाहेर येणार कुठून? मशीन म्हणालं, बूट होण्याजोगं काही नाही. मग भाचा घाबरला, पेनड्राइव्ह लावला आणि त्या फोटोपाशी येऊन थांबला. नशीब, थांबला.

मी सीएसएम पुन्हा चालू केलं. दीड मिनिटात ताईंचा डेस्कटॉप समोर, सगळी पानं जागच्या जागी. त्यांनी खुर्चीत बसकण मारली.

पुढचं काम क्रमानं केलं. आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. मग विंडोजमध्येच २०१७ पासून मिळणारं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन. ते डेटा न पुसता उतारा बदलून देतं, मात्र प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत आणि लॉजिकल एकही नको. म्हणून आधी नुसतं व्हॅलिडेट करून विचारायचं, होकार आला तरच कन्व्हर्ट. शेवटी सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. मशीन नव्या दारानं उठलं.

डिस्क कोरी असती तर एवढा खटाटोप नव्हता. विंडोजच्या त्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबायचं, डिस्कपार्टमध्ये जायचं, डिस्क निवडून क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. दोन मिनिटांचं काम. या दोन मिनिटांनीच मला एकदा रडवलंय.

एका गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये एक टेराबाइटची जुनी हार्डडिस्क होती, मी तेवढीच नवी एसएसडी बसवली. डिस्कपार्टच्या यादीत दोन्हींपुढे ९३१ जीबी. पहिली ती नवी, असं धरून मी क्लीन मारलं. नवी दुसरी होती. गिऱ्हाइकाच्या लग्नापासूनचे फोटो होते त्या डिस्कवर. उतारा फाटला तरी जमीन जाग्यावर असते, हे तेव्हा कामी आलं. क्लीननं नोंदी पुसल्या होत्या, फोटोंना हात लागला नव्हता. टेस्टडिस्क हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावून रात्रभर बसलो. पहाटे जुनं पार्टिशन सापडलं. त्यावर तोवर काही लिहिलं गेलं असतं, तर सगळं परत मिळालं नसतं.

त्या रात्रीपासून विंडोज टाकण्याआधी डेटाच्या डिस्कची केबल मी काढूनच ठेवतो. दुसराही फायदा होतो: विंडोज बूटच्या फाइली शेजारच्या जुन्या डिस्कवर नेऊन ठेवत नाही. नाहीतर ती डिस्क सहा महिन्यांनी काढली, की नवी चांगली असूनही मशीन उठत नाही.

भाच्याला जाताना सीएसएम चालू असलेल्या दुसऱ्या एका मशीनचा बूट मेनू दाखवला. एकच पेनड्राइव्ह तिथे दोनदा दिसत होता, एकदा नुसता आणि एकदा आधी यूईएफआय लावून. "ही तुझी दोन दारं. कुठलं घेतलंस ते लक्षात ठेव."

परवा त्याचा मेसेज आला. कुणा मित्राच्या लॅपटॉपचा फोटो, या वेळी तक्रार उलटी, डिस्क जीपीटी आहे म्हणून. खाली लिहिलं होतं, "काका, लेगसीनं आलोय. मागे फिरतो. डिलीट दाबलं नाही."