माळ्यावरची वही

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढू नये, असे माझे मत आता पक्के झाले आहे. खालचा केर केरसुणीने निघतो. माळ्यावरून जे खाली येते ते मात्र परत वर जायला तयार नसते.

मागच्या दिवाळीची गोष्ट. राजापेठेतल्या आमच्या घरात सकाळपासून धुळीचे राज्य होते. शेजारच्या वहिनींकडे चकल्यांचा घाणा चालला होता. बारावीत शिकणारी आमची मुलगी अभ्यासातून तेवढीच सुटका म्हणून मोठ्या उत्साहाने माळ्यावर चढली आणि माझी कॉलेजातली पत्र्याची पेटी तिने खाली दिली. पेटीत जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, लग्नातल्या शालूची घडी होती आणि सगळ्यांत तळाशी निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती.

"आई, ही कुठली भाषा गं? अक्षरं ओळखीची वाटतात, पण शब्द लागत नाही."

"मराठीच आहे," मी म्हटले आणि हातातला फडका खाली ठेवला.

ती सकळ लिपीची वही होती. महानुभावांनी आपले ग्रंथ ज्या सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले, त्यांतली ही प्रमुख लिपी. एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर योजायचे, अशी तिची साधी युक्ती. पण किल्ली हाती नसेल तर पंडितही आंधळा. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हे भांडार पंथाबाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. मी एम. ए. झाले त्या वर्षी एका वृद्ध महंतांपुढे बसून ती लिपी गिरवली होती. जुन्या पोथ्यांवर संशोधन करायचे, असा तेव्हा माझा निश्चय होता.

तो निश्चय पेटीत कसा गेला, ते सांगायला फार वेळ लागत नाही. लग्न झाले, तासिका तत्त्वावर शिकवू लागले. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही. अशी अकरा वर्षे गेली. पोथी वाचायला निवांतपणा लागतो आणि निवांतपणाला पगार लागतो. मग नोकरी पक्की झाली, पण तोपर्यंत पोथ्यांची ओढ ओसरली होती. गंमत अशी, की वर्गात मात्र मी दरवर्षी म्हाइंभटांचा पाठ अगदी तन्मयतेने शिकवीत आले.

म्हाइंभटांची कथा आहेच तशी. सराळे गावचा हा गाढा विद्वान वाद घालण्याच्या ईर्ष्येने चक्रधरस्वामींकडे आला आणि त्यांचाच होऊन राहिला. स्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी जमवायचे त्याने मनावर घेतले. नागदेवाचार्यांना ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. उरलेले ज्यांनी पाहिले-ऐकले होते, त्यांना म्हाइंभट गाठीत गेले. त्यातून 'लीळाचरित्र' झाले. त्याचा काळ सामान्यतः इ. स. १२७८ च्या आसपास मानतात. इंग्रजीत बॉस्वेलने लिहिलेल्या डॉ. जॉन्सनच्या चरित्राचे कोण कौतुक! ते निघाले १७९१ साली. त्याच्या पाचशे वर्षे आधी आमच्या वऱ्हाडात एक माणूस बोलण्यातला शब्द न् शब्द टिपण्याची धडपड करीत होता. हे वाक्य मी दरवर्षी टाकते आणि दरवर्षी मागच्या बाकांवरची कुजबुज क्षणभर थांबते.

पण घरात तसे घडले नाही. तीन दिवसांत मुलीने लिपी पाठ केली. चौथ्या दिवशी वाण्याची यादी तिने सकळ लिपीत लिहून यांच्या हातात दिली आणि हे रिकामी पिशवी घेऊन परत आले! आम्ही पोट धरून हसलो. आठवडाभराने मात्र जेवताना ती शांतपणे म्हणाली, "आई, मला डॉक्टरकीची परीक्षा द्यायची नाही. मी मराठी घेणार."

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. "अगं, आधी पोटापाण्याचं बघ. आवड काय, नंतरही जोपासता येते."

"तुझी आवड पेटीत होती," ती म्हणाली. "आणि मग वर्गात म्हाइंभट सांगतेस, ते काय नुसते गुणांसाठी?"

हे खाली मान घालून वरण कालवू लागले. संसारात पुरुषांना ही एक सोय असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगी उद्धट बोलली म्हणून नव्हे. खरे बोलली म्हणून. पण माझेही काही खोटे नव्हते. श्रद्धेने केलेल्या कामाला दिवाळीचा बोनस मिळत नाही, हे अकरा वर्षे अनुभवलेल्या बाईने सांगायचे नाही तर कोणी? आणि मनस्वीपणाच्या नावाखाली हौसेला ध्येय समजून फसलेली मुलेही मी पुष्कळ पाहिली आहेत. हौस आणि श्रद्धा दुरून सारख्याच दिसतात. त्या ओळखायच्या कशा?

नाताळच्या सुमारास एका रविवारी मी तिला रिद्धपूरला घेऊन गेले. अमरावतीहून तासाभराची वाट, मोर्शी तालुका. गोविंदप्रभूंचे हे गाव. वाजेश्वरीच्या स्थानी म्हाइंभट लिहायला बसत, असे तिथली माणसे सांगतात. २०२४ साली तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सत्कार-समारंभांत मीही टाळ्या वाजविल्या होत्या. पण दर्जा मिळाल्यावर पोथी कोणी वाचायची, हा प्रश्न उरतोच. आणि तो माझ्या शेजारच्या खिडकीशी बसून संत्र्याच्या बागा बघत होता.

दर्शन झाले. एका ओट्यावर एक म्हातारी वाती वळीत बसली होती. मुलीने तिला गोविंदप्रभूंविषयी विचारले आणि पर्समधून वही काढली. म्हातारी खुलली. राऊळ कुणाच्याही घरात कसे शिरत, शिंक्यावरचे काय काय काढून खात, जातपात कशी पाहत नसत, असे सांगत गेली. मुलगी भराभर लिहीत होती. मध्येच म्हातारी थांबली.

"काय लिवून रायली वं पोरी?"

"तुम्ही सांगता तेच, आजी."

"लिव. पन माह्या जावेले बी पुस. तिनं आनखी दुसरं आयकलं असन."

मला एकदम हसू आले आणि डोळेही भरून आले. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकच प्रसंग दोघांनी निराळा सांगितला असेल, तर दोन्ही रूपे नोंदलेली आढळतात. त्यांना 'वासना' म्हणतात. देव मानलेल्या पुरुषाचे चरित्र लिहिताना कुणालाही वाटले असते, की आपल्या भक्तीला शोभेल तेवढे ठेवावे आणि बाकीचे गाळावे. या माणसांनी तसे केले नाही. श्रद्धेने त्यांना चौकशीतून सूट दिली नाही. उलट चौकशीला जुंपले. परंपरा सांगते, की पुढे धामधुमीत मूळ ग्रंथ हरवला आणि हिराइसा नावाच्या बाईच्या तोंडपाठावरून पुष्कळसा पुन्हा उभा राहिला. तोंडपाठ करणे हे काही प्रतिभेचे काम नव्हे. रोज तेच ते घोकण्याचे, कंटाळवाणे काम आहे ते. शतके लोटल्यावर आमच्या बुलढाण्याकडचेच डॉ. वि. भि. कोलते पोथी पोथीशी ताडून पाहत बसले आणि १९७८ साली त्यांचे संपादन छापून निघाले. तेही तसलेच काम.

वीस वर्षे शिकवून मला जे उमगले नव्हते, ते त्या ओट्यावर उमगले. हौसेला कामातले फक्त गोड तेवढे हवे असते. श्रद्धा कंटाळ्यासकट काम उचलते. आणि मी सोडले ते पगारामुळे खरेच. पण नोकरी पक्की झाल्यावरही पेटी उघडली नाही, ती कंटाळ्याला भिऊन. हे कबूल करायला मला एका म्हातारीची जाऊ लागली!

त्या जावेचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. एव्हाना ऊन चढले होते, परतीची बस चुकण्याची वेळ झाली होती. "राहू दे आता," असे मी म्हणणार होते. मुलगी केव्हाच वाटेला लागली होती. जाऊबाई झोपल्या होत्या. त्या उठेपर्यंत ती दारात पाऊण तास बसून राहिली. मी काही बोलले नाही. मला माझे उत्तर मिळाले होते.

यंदा जूनमध्ये तिने बी. ए. ला नाव घातले; विषय मराठी आणि इतिहास. कॉलेज माझे नव्हे, हे बरे झाले. तिच्या मामांनी फोन करून मला अर्धा तास वेड्यात काढले. ते चूक आहेत असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अजून पंधरा वर्षांनी ती कदाचित मलाच विचारील, "आई, तू तेव्हा थांबवलं का नाहीस?" त्या दिवसासाठी माझ्याकडे उत्तर नाही. हेही एक कर्ज मी डोळे उघडे ठेवून अंगावर घेतले आहे.

एक अट मात्र मी घातली, आणि तिने लगेच तीच माझ्यावर उलटवली. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर अर्धा तास दोघींनी एका हस्तलिखिताच्या छायाप्रतीपुढे बसायचे. कंटाळा आला तरी उठायचे नाही. आतापर्यंत तेरा पाने झाली आहेत. त्यांतली चार तिने माझ्याहून बरी लावली.

परवा साफसफाईला सुरुवात केली तेव्हा हे म्हणाले, "ती पेटी वर टाकू का?"

"टाका," मी म्हटले. "रिकामीच आहे."

निळी वही स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. तिच्या पुठ्ठ्याला आता तेलाचे डाग पडले आहेत.