चिमणरावांची टोपी, आबांची वही

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्रं दिसू लागली, तेव्हा पेठांमधल्या कौलांवर आणि गच्च्यांवर एकेक करत अँटेना उगवल्या. आमच्या वाड्यातली पहिली अँटेना अर्थातच मालकांची. त्यांच्या दिवाणखान्यात चार पायांवर उभी असलेली ती लाकडी पेटी, तिची दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर पितळी गणपती. बटण फिरवलं की आधी आतून बारीक गुणगुण यायची, मग तापलेल्या धुळीचा एक कोरडा, किंचित गोडसर वास, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने काचेच्या मध्यावर उजेडाचा ठिपका उमलायचा. तोवर दाराबाहेर चपलांचा ढीग साचलेला, सतरंजीवर मांडीला मांडी लावून वाड्यातली सगळी पोरं, मागे पाटांवर आणि उंबऱ्यावर मोठी माणसं, कोणाच्या तरी ओच्यात भाजलेल्या शेंगा, आणि काकूंनी कोपऱ्यात लावलेल्या मच्छर अगरबत्तीचा निळसर धूर. मध्येच चित्र थरथरून ‘व्यत्यय’ अशी पाटी आली तरी कोणी उठत नसे. तीही आम्ही एकाग्रतेने वाचत बसायचो.

त्या काचेत सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक दिवस चिमणराव आले. काळी टोपी, कोट, धोतर, ओठांवर आखूड मिशी, आणि भीती व बढाई या दोन्हींच्या मधोमध अडकलेला तो चिरका आवाज. शेजारी बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ, भक्कम, सोटाधारी, कमी बोलणारे. चिं. वि. जोशींच्या मूळ चिमणराव-कथा आमच्या घरात आजोबांच्या मालकीच्या होत्या, म्हणजे पुस्तकांची बांधणी उसवली तरी तिला दुसऱ्या कोणी डिंक लावलेला त्यांना चालत नसे, आणि १९४० च्या ‘लग्न पहावं करून’ या बोलपटातले दामुअण्णा मालवणकर हेच त्यांचे खरे चिमणराव होते. त्यामुळे आजोबा मालकांच्या खोलीत आले ते हाताची घडी घालून, भिंतीला टेकून, परीक्षकासारखे उभे राहिले. मला पडद्यापेक्षा त्यांच्याचकडे बघायची ओढ होती. आधी त्यांची घडी सुटली. मग ते खाली बसले. चिमणराव कसल्याशा पेचातून बाहेर पडण्याऐवजी त्यात अधिकच रुतत गेले, त्यांच्या बायकोने, काऊने, कपाळाला हात लावला, आणि आजोबांच्या पोटातून ते मूक, खांदे गदगदवणारं हसू वर आलं, जे आजी गेल्यानंतर आम्ही फारसं पाहिलं नव्हतं. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत ते म्हणाले, “कोण रे हा मुलगा?”

तो मुलगा म्हणजे दिलीप प्रभावळकर. जन्म १९४४ चा, म्हणजे त्यावेळी तिशी ओलांडलेला, रसायनांच्या जगात शिकलेला, औषध कंपनीत नोकरी करणारा आणि रंगभूमीवर विजय तेंडुलकरांच्या नाटकांपासून रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यापर्यंत सगळीकडे वावरलेला. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आणि चिमणराव एकाच माणसाने केले, हे कळलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. आजही मला त्यांच्या कारकिर्दीची किल्ली तिथेच दिसते. छोट्या पडद्याने माणसाला घरोघरी नेलं, पण त्याचा मोबदला म्हणून त्याचा चेहरा ठेवून घेतला. एकदा ज्या नावाने प्रेक्षकांनी हाक मारली त्या नावातून पुष्कळ गुणी नटांना आयुष्यभर बाहेर पडता आलं नाही. प्रभावळकरांनी मात्र आपला चेहरा कुणाकडे ठेवलाच नाही. ‘झोपी गेलेला जागा झाला’ हा बबन प्रभूंचा जुना फार्स मालिका होऊन आला तेव्हा ते त्यात होते, ‘साळसूद’मध्ये तर चक्क खलनायक होते, आणि ज्या घरांनी त्यांच्यावर चिमणराव म्हणून माया केली त्याच घरांना त्यांनी अंगावर काटा आणून दाखवला.

हे जमलं ते निव्वळ रंगभूषेने नव्हे. मला वाटतं, त्यांच्यातला लेखक सतत त्यांच्यातल्या नटाच्या कानाशी असायचा. ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’ ही त्यांची पुस्तकं मी फिरत्या वाचनालयातून आणून वाचली, पिवळट कागदांना बोटांच्या घामाचा आणि कापराचा वास असलेली. आणि त्यात हेच दिसलं की माणसं बोलताना कुठे अडखळतात, कुठे उगाच आवाज चढवतात, कुठल्या क्षणी स्वतःबद्दलची थाप त्यांना स्वतःलाच खरी वाटू लागते, याची नोंद हा गृहस्थ फार प्रेमाने ठेवतो. लहानांसाठी त्यांनी बोक्या सातबंडे घडवला, तो आधी आकाशवाणीवरून ऐकू आला आणि मग पुस्तकांतून घरोघरी गेला.

‘हसवाफसवी’ हे नाटक मी बालगंधर्व रंगमंदिरात पाहिलं. त्यांनीच लिहिलेलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं, आणि त्यातल्या सहा भूमिका त्यांच्याच. मध्यंतरात बाहेर बटाटेवड्याचा घमघमाट, हातात कागदी पुडी, आणि ओळखीपाळखी नसलेली माणसं एकमेकांना विचारतायत, मघाचा तो आणि आत्ताचा हा खरंच एकच का हो? शेवटी आले कृष्णराव हेरंबकर, संगीत रंगभूमीवरचे थकलेले गायक नट. ते खुर्चीपर्यंत चालत आले त्यालाच किती वेळ लागला! पाऊल उचलायचं, ते खाली ठेवण्याआधी जमिनीचा अंदाज घ्यायचा, हात हवेत एखादा आधार शोधतो आहे हे इतरांना कळू नये म्हणून तोच हात उपरण्याकडे न्यायचा. खुर्चीच्या पाठीला बोटं लागली तेव्हा आमच्या रांगेतल्या एका बाईंनी अडवून धरलेला श्वास सोडलेला मला ऐकू आला. आणि मग तो जीर्ण आवाज जुन्या सुरांच्या वाटेला लागला, कुठे पोचला, कुठे पोचलाच नाही, पण जिथे पोचला नाही तिथेही पूर्वी काय वैभव असेल ते ऐकू आलं. हसायला आलेलं अख्खं नाट्यगृह रुमाल शोधत होतं. साडेसातशेहून अधिक प्रयोग झाले त्या नाटकाचे. पुढे पुष्कर श्रोत्रींनी ते पुन्हा उभं केलं तेव्हाही मी गेलो, आणि मला तेही आवडलं.

त्या आधीच्या किंवा नंतरच्या सिनेमांची यादी मी करणार नाही. ‘चौकट राजा’तला नंदू आणि ‘झपाटलेला’तला तात्या विंचू ही दोन टोकं पुरेशी आहेत, आणि २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त त्यांनी गांधीजी केले हे सांगायलाही नको. माझं मन पुन्हा घरच्या पडद्याकडेच धावतं.

कारण २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आलं. तोवर मालकांची लाकडी पेटी भंगारात गेली होती, वाड्याच्या जागी इमारत आली होती, भिंतींना ओलीचा वास नव्हता आणि नळाला चोवीस तास पाणी होतं. याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, विशेषतः पाण्याचं. वाहिन्या पुष्कळ झाल्या होत्या आणि त्यांवरच्या बायका रात्री झोपतानाही दागिने घालत होत्या. अशा गलबल्यात अल्फा मराठीवर एक साधं कुटुंब येऊन बसलं. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. प्रभावळकरांनी आधी ‘अनुदिनी’ या नावाने सदर लिहिलं होतं, त्याचं पुस्तक झालं, आणि त्यातून केदार शिंदेंच्या दिग्दर्शनाखाली ही मालिका आकाराला आली. घरातला प्रत्येकजण रोजनिशी लिहितो, एवढाच तिचा पाया. पण एकाच घटनेचं प्रत्येकाच्या वहीत वेगळं रूप होतं, आणि एकाच छताखाली राहणारी माणसं एकमेकांना किती थोडी ठाऊक असतात हे त्या वह्यांमधून कळत जायचं. राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांच्या संसारातली ती न बोलता होणारी धुसफुस, शिऱ्याच्या भानगडी, आणि या सगळ्याकडे चष्म्यावरून बघणारे, सगळं कळूनही निम्मंच बोलणारे आबा. तेव्हा प्रभावळकर साठीच्याही अलीकडे होते. तरी खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर हात ठेवून ते जो क्षणभर थांबत, तो थांबा कुठल्याही तरुण नटाला सुचला नसता. तो कुणातरी म्हाताऱ्याकडे वर्षानुवर्षं आस्थेने पाहिल्याशिवाय येत नाही.

माझे आजोबाही लिहायचे. दुधाचा हिशेब, पावसाचा अंदाज, कोण आलं, कोण गेलं. निळ्या शाईत, बँकेकडून फुकट मिळालेल्या डायरीत. टिपरे पाहताना एका रात्री मी त्या डायऱ्या माळ्यावरून काढल्या. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पानांना कुजट, तंबाखूसारखा वास येत होता. मालिका नसती तर मी त्या उघडल्या असत्या असं मला वाटत नाही, आणि एखाद्या लेखक-नटाने माझ्यासाठी याहून मोठं काही केलं असतं असंही वाटत नाही.

चिमणरावांच्या काळी दूरदर्शनच्या टेप महाग असत, एकावर एक चित्रित होत आणि जुनं पुसलं जाई. चिमणरावांचे हाती लागतात ते तुकडे, मुंग्या आलेले, आवाज कुठे खोल कुठे उथळ. टिपरेंचं तसं झालं नाही. माझी भाची मेट्रोत, कानांत बोंडं घालून, तळहाताएवढ्या पडद्यावर ते एकटीच पाहते. सतरंजी नाही, चपलांचा ढीग नाही. मात्र शिऱ्याच्या कोणत्या वाक्यावर हसू येतं ते तिला कोणी शिकवावं लागलं नाही, आणि मालकांच्या मर्जीसाठी ताटकळावंही लागलं नाही. हे बरंच झालं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, ती मला ‘दशावतार’ पाहायला घेऊन गेली. कोकणातल्या दशावतारी कलावंताची, बाबुली मेस्त्रीची भूमिका, आणि करणारा नट ऐंशी ओलांडलेला. चेहऱ्यावर रंगाचे थर चढत होते, डोक्यावर मुकुट येत होता, आणि मी सवयीने त्या रंगाखाली ओळखीचं काही दिसतंय का ते शोधत होतो. चिमणरावांची मिशी, आबांचा चष्मा, काहीच नव्हतं. भाचीने विचारलं, “मामा, हे आधी काय काय करायचे?” बाहेर पडून चहाच्या टपरीवर मी सांगायला सुरुवात केली, ती चेटकिणीपासून.