रुपयाची पारख

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडण्यासाठीं आमच्या घरीं राणीछापाचे अकरा रुपये वडिलोपार्जित आहेत. सुना-नातवंडांनीं घर वाढलें, तेव्हां प्रत्येकाच्या नांवें एक जुना कलदार असावा, अशी आमच्या सौ.ची इच्छा झाली आणि पेन्शन घेऊन स्वस्थ बसलेल्या आम्हांस एक उद्योग मिळाला. गेलीं सहा-सात वर्षें आम्ही जुन्या रुपयांची खरेदी करीत आहों. या व्यवहारांत एकदां आम्ही फसलों, आणि एकदां आम्हींच दुसऱ्यास फसविलें. पहिली गोष्ट चारचौघांत पुष्कळदां सांगून झाली आहे. दुसरी आज सांगतों.

प्रथम रुपयाच्या अंतरंगाविषयीं. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलुखासाठीं एकच रुपया ठरविला. त्याचें वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन; आजच्या मापानें ११.६६ ग्रॅम. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध रुपें, म्हणजे सुमारें १०.७ ग्रॅम. राणी, सातवा एडवर्ड व पांचवा जॉर्ज या तिघांच्याहि कारकीर्दींत हें प्रमाण टिकलें. पुढें महायुद्धांत चांदीची ओढ लागली, आणि १९४० सालीं रुपया निम्म्याच रुप्याचा झाला. १९४७ च्या रुपयांत तर रुपें मुळींच नाहीं, तो निकेलचा.

तेव्हां हिशेब सोपा आहे. त्या दिवशींचा चांदीचा ग्रॅममागील भाव घ्यावा, त्यास १०.७ नें गुणावें, व नाणें झिजलें असेल तर तेवढी तूट वजा करावी. हें झालें मोडीचें मोल. त्यावर विकणाऱ्याचा नफा द्यावयास हवा. त्याचें भांडवल अडकून पडतें, आणि बनावट नाणें गळ्यांत पडण्याचें भयहि त्यालाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पारखणारा ‘रूपदर्शक’ नांवाचा अधिकारी आहे, व नाणीं पारखण्याबद्दलहि शेंकडा अष्टमांश आकार सांगितला आहे. पारख ही फुकट मिळावयाची वस्तु नव्हे, हें तेव्हांहि मान्य होतें. मात्र ‘फार जुना, फार दुर्मिळ’ या शब्दांस भुलूं नये. राणीछाप रुपयावरील १८६२ हें साल टांकसाळींनीं पुढें दहाहून अधिक वर्षें तसेंच ठेविलें. त्यामुळें त्या सालाचे साधे रुपये विपुल आहेत.

इतकें ज्ञान असूनहि आम्ही फसलों. पेठेंतील एका दुकानदारानें सहाव्या जॉर्जचे चार रुपये राणीछापाच्या भावानें आमच्यापुढें ठेविले. आम्हीं मोठ्या ऐटींत तराजू मागितला. वजन अगदीं बरोबर भरलें. आम्हीं पैसे मोजले. घरीं येऊन चष्मा लाविला, तों साल १९४४! रुपें निम्मेंच, परंतु वजन पूर्वींचेंच ठेविलेलें असल्यामुळें तराजूनें आमच्याशीं मौन धरिलें. परत गेलों तर तो शांतपणें म्हणाला, “गुरुजी, वजन तर तुम्हींच केलेंत ना?” त्या माणसास आम्हीं पुढें कित्येक महिने चोर म्हटलें.

आतां दुसरी गोष्ट. रविवारच्या बाजारांत एक म्हातारा जमिनीवर फडकें पसरून कुलुपें, अडकित्ते व नाणीं विकीत बसे. सगळे रुपये तो एकाच भावानें देई. एके दिवशीं त्याच्या ढिगांत आम्हांस पांचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया दिसला. या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळींत हत्ती कोरलेला आहे. परंतु तो इतका आंखूड उमटला कीं लोकांस तेथें डुक्कर दिसूं लागलें व गिल्ला झाला. सरकारनें टांकसाळींत उरलेलीं नाणीं वितळविलीं आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. म्हणून संग्राहक १९११ च्या रुपयास मोडीहून पुष्कळ अधिक देतात. हें आम्हांस ठाऊक होतें; म्हाताऱ्यास नव्हतें. आम्ही चूप राहिलों असतों तरी एक वेळ चाललें असतें. पण आम्हीं नाणें उलटेंसुलटें केलें, “फार झिजला आहे हो,” असें म्हटलें, आणि ठरल्या भावांतूनहि वीस रुपये कमी करविले. नाणें झिजलेलें नव्हतें.

घरीं चिरंजीवांस हा पराक्रम सांगत असतां सौ. ताटें पुशीत होती. ती एवढेंच म्हणाली, “त्या दुकानदारानें तुम्हांला साल सांगितलें नाहीं, म्हणून तो चोर. पण झिजला आहे असें खोटें तरी तो बोलला नव्हता.”

त्या रात्रीं आम्हीं अनेक युक्तिवाद रचले. ज्ञान आम्हीं कष्टानें मिळविलें आहे, त्याचें फळ आम्हीं कां घेऊं नये? धंदा त्याचा आहे, त्यानें शिकून घ्यावें. यांत कांहीं तथ्य असेलहि. परंतु ‘झिजला आहे’ या दोन शब्दांचें समर्थन कोणत्याच युक्तिवादांत बसेना. सकाळपर्यंत आम्ही निरुत्तर झालों.

पुढच्या रविवारीं म्हाताऱ्यास सर्व सांगितलें व उरलेली रक्कम पुढें केली. त्यानें ती दोनदां मोजून कमरेला लाविली. एक रुपयाहि परत केला नाहीं, आणि तेंच योग्य होतें. मग फडक्याकडे पाहत तो म्हणाला, “असे आणखी किती गेले असतील हो, गुरुजी?” यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्ही त्याच्याजवळ बसलों, आणि साल कोठें पाहावें व हत्ती कसा ओळखावा, तें त्यास दाखविलें.

दोन महिन्यांनीं त्याच्याकडे १९११ चा आणखी एक रुपया आला. त्यानें भाव असा चढा सांगितला कीं आम्हांस तो घेववला नाहीं. पाटावरचा पहिला मात्र धाकट्या नातीच्या नांवाचा आहे. त्याचें पुरें मोल दिलेलें आहे, एवढें तिला आम्हांस सांगतां येतें.