प्लीहेतील चेता आणि कोपराची नस

रक्तातून फिरणाऱ्या प्रतिकारपेशी मेंदूच्या नियंत्रणाबाहेर, स्वतःच्याच नियमांनी काम करतात, असा समज विसाव्या शतकात बराच काळ दृढ होता. अस्थिमज्जा आणि थायमस ही या पेशींच्या जन्माची व जडणघडणीची ठिकाणे, तर प्लीहा आणि लसिकाग्रंथी ही त्यांची रोगजंतूंच्या अंशांशी गाठ पडण्याची ठिकाणे. या अवयवांत चेतातंतू असतात हे ठाऊक होते, परंतु ते केवळ रक्तवाहिन्या आकुंचित करण्यासाठी असावेत असे मानले जाई. 1980च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लीहेच्या पातळ छेदांत हे तंतू रक्तवाहिनी सोडून थेट टी-पेशी या प्रतिकारपेशींच्या वस्तीत शिरताना दाखवले, आणि तो समज टिकेनासा झाला. हे तंतू अनुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या यंत्रणेचे असून, त्यांच्या टोकांतून स्रवणारे नॉरॲड्रेनलिन ओळखणारे ग्राही प्रतिकारपेशींच्या पृष्ठभागावर असतात.

2000 साली केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने उंदीरवर्गीय प्राण्यांत व्हेगस ही मेंदूतून पोटापर्यंत उतरणारी चेता उत्तेजित केली, तेव्हा जंतुविषामुळे रक्तात उसळणारे दाहकारक प्रथिन, टीएनएफ, लक्षणीय घटले. प्लीहा काढून टाकलेल्या प्राण्यांत मात्र हा परिणाम दिसेना. 2011 मध्ये त्याचा मधला दुवा सापडला, आणि तो या क्षेत्रातील सर्वांत विलक्षण शोध म्हणावा लागेल : चेतेच्या नॉरॲड्रेनलिनमुळे काही टी-पेशी स्वतः ॲसिटिलकोलिन, म्हणजे एरवी चेतापेशींचे मानले जाणारे रसायन, तयार करतात आणि त्यामुळे भक्षक पेशींचा दाह शमतो. व्हेगस आणि प्लीहेची चेता यांचा जोड नेमका कोठे आहे, याविषयी शरीररचनातज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. चेतेचे काम केवळ दाह शमवण्याचे नाही. 2020 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले, की प्लीहेची चेता तोडलेल्या उंदरांत लसीकरणानंतर प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी कमी तयार होतात.

मराठवाड्याच्या वाचकाला हा विषय दूरच्या प्रयोगशाळांतला वाटण्याचे कारण नाही, कारण चेता आणि प्रतिकारपेशी यांच्या सान्निध्याची सर्वांत वेदनादायक साक्ष कुष्ठरोगाने याच भूमीत दिली आहे; विदर्भातील वरोऱ्याचे आनंदवन हे कुष्ठधाम सर्वांना परिचित आहे, तसे नांदेडजवळ नेरली येथेही कुष्ठधाम आहे. या रोगाचा जंतू चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींत शिरतो. रोगाच्या एका टोकाला प्रतिकार क्षीण असतो, तेव्हा लसिकाग्रंथींतील टी-पेशींची जागा जंतूंनी भरलेल्या भक्षक पेशी व्यापतात. दुसऱ्या टोकाला प्रतिकार तीव्र असतो, तेव्हा जंतू थोडे असूनही टी-पेशींचा हल्ला चेतेलाच चिरडतो. 2017 मध्ये झेब्राफिश या लहान माशावरील प्रयोगांतून दिसले, की जंतूच्या मेदद्रव्याने चेतवलेल्या भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात आणि त्यातून चेतातंतूंची इजा सुरू होते. बोटे वाकडी होतात, पापणी मिटत नाही, तळव्याची जखम कळत नाही, यामागे जंतूइतकाच शरीराचा स्वतःचा प्रतिकार असतो.

या आकलनाचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट आहे. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन यांचा बहुविध औषधोपचार जंतू मारतो, परंतु उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा तो संपल्यावरही प्रतिकारसंस्था अचानक उसळू शकते. चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराची नस दुखते, हाताची ताकद जाते. अशा ‘रिॲक्शन’मध्ये प्रेडनिसोलोन तातडीने सुरू केले तर चेता वाचण्याची शक्यता बरीच असते; महिनोन्‌महिने उशीर झाला, तर ती झपाट्याने घटते. संधिवातासाठी मानेत बसवून व्हेगसला उत्तेजन देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2025 मध्ये मान्यता दिली, ही मोठी घटना आहे; तरीही येथील रुग्णाच्या दृष्टीने गोळ्या वेळेवर मिळणे अधिक निकडीचे आहे.

म्हणून अंगावर संवेदना नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा दिसल्यास, अथवा उपचार पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या हातापायांत नव्याने बधिरता किंवा अशक्तपणा आल्यास, वाचकांनी त्या व्यक्तीला त्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात.