पत्र्याचा डबा

आमच्या शाळेत एक छोटा संगणक आहे. तो पत्त्यांच्या कॅटाएवढा आहे. त्याचे नाव रास्पबेरी पाय ३. त्याच्यावर लिनक्स चालते. ही जात २०१६ साली निघाली. तिच्या बोर्डावरच वायफाय असते.

संगणक आला त्या दिवशी गुरुजी म्हणाले, "धुळीपासून आणि उंदरांपासून जपा रे याला." मी लगेच घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आजोबांनी त्याला तारांपुरती भोके पाडून दिली. गुरुजींनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मला लई आनंद झाला.

पण वायफाय काही नीट चालेना. चित्र अर्धे यायचे आणि थांबायचे. माझ्या बाकावरच्या दोस्ताने एकदा तार हलवली होती. सगळे म्हणाले, "यानेच बिघडवला." मीपण म्हणालो. तेव्हापासून तो संगणकाजवळ यायचाच बंद झाला.

मग एका शनिवारी आमच्या शाळेत शिकून गेलेली एक ताई आली. ती आता तालुक्याला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही."

तिने पिंग नावाची आज्ञा दिली. पिंग म्हणजे हजेरीच बघा. आपला संगणक राउटरला हाक मारतो आणि राउटर "हजर" म्हणतो. २० हाका मारल्या, ९ वेळाच उत्तर आले.

पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दिसत होते. ताई म्हणाली, "वीज कमी पडते आहे." आम्ही मोबाईलचा जुना चार्जर लावला होता. तिने ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा चार्जर लावला. चिन्ह गेले, पण उत्तरे ११ च आली.

मग तिने वायफायची वीजबचत बंद केली. या बचतीत वायफाय मधून मधून डुलकी घेते म्हणे. तरी उत्तरे १२ च.

शेवटी तिने डब्याचे झाकण काढून बोर्ड बाहेर ठेवला. २० पैकी २० उत्तरे आली! पत्रा वायफायच्या लहरी अडवतो. लहर साधारण १२ सेंटिमीटर लांब असते, बारीक भोकातून ती नीट जात नाही.

सगळी मुले ओरडली. मी खाली मान घातली. डबा माझा होता. घरी गेलो तर भाकरी गोड लागेना. आई म्हणाली, "आरं, चूक झाली तर सांगून टाकावी."

सोमवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गुरुजी, बिघाड माझ्या डब्यामुळे होता. याने काही केले नव्हते." गुरुजी म्हणाले, "डबा तू चांगल्या मनानेच आणलास. पण तपासल्याशिवाय कुणाचे नाव घेऊ नये." मी दोस्ताची माफी मागितली. तो आधी बोललाच नाही. मधल्या सुट्टीत म्हणाला, "चल, दुसरा डबा करू."

आता संगणक प्लास्टिकच्या डब्यात आहे. त्याला हवेसाठी भोके दोस्ताने पाडली. पत्र्याच्या डब्यात आम्ही खडू ठेवतो. पालकांनी दोन्ही डबे जरूर पाहावेत.