सौद्याचा हिशेब

शाळेच्या मधल्या सुट्टीत उद्भवणाऱ्या वादांचा निकाल बहुधा घंटेनेच लागतो, असा आमचा अनुभव आहे. परंतु 2025 च्या नोव्हेंबरात उपस्थित झालेला एक वाद मात्र काही केल्या घंटेला जुमानीना. निमित्त झाले होते ते वर्तमानपत्रातील एका वार्तेचे. चेन्नईच्या क्रिकेट-संघाने रवींद्र जडेजा आणि सॅम करन हे दोन मोहरे राजस्थानच्या संघास देऊन त्यांच्या बदल्यात संजू सॅमसनला आपल्याकडे घेतले होते. झाले! आमच्या व्हरांड्यात तत्काळ दोन तट पडले.

“एक देऊन दोन मिळवले, म्हणजे शहाणे राजस्थानवालेच,” असे नववीतील एका मुलाचे म्हणणे. “अरे, जडेजा सदतिशीला टेकला, सॅमसन नुकता कुठे एकतिसाचा झाला. उद्याचा विचार करशील की नाही?” असा दुसऱ्याचा प्रश्न. त्यावर तिसरा उसळून म्हणाला, “2023 च्या अंतिम सामन्यात अखेरच्या दोन चेंडूंत दहा धावा हव्या होत्या, तेव्हा षटकार आणि चौकार मारून चषक कोणी आणला? त्याला असा विकायचा?” आमचे गणिताचे सहकारी तेथून जात होते. ते थांबून शांतपणे म्हणाले, “बाळांनो, जमा आणि खर्च या दोन्ही बाजू मांडल्याखेरीज शिल्लक कशी काढणार?” शेवटी मुलांनी आम्हांस घेरले. “सर, तुम्ही सांगा. सौदा फायद्याचा की तोट्याचा?”

आम्ही त्या वेळी उत्तर टाळले. ते का टाळले, हे सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे.

आमचे गाव नेपानगर. सातपुड्याच्या कुशीत, खंडवा आणि भुसावळ यांच्या मधल्या लोहमार्गावर वसलेले. येथील कागदाची गिरणी पंडित नेहरूंनी 26 एप्रिल 1956 रोजी राष्ट्राला अर्पण केली. परदेशातून येणाऱ्या वृत्तपत्री कागदाला स्वदेशी पर्याय येथे प्रथम निघाला. अर्थात ज्या कागदावर देशातील पिढ्यांनी क्रिकेटच्या वार्ता वाचल्या, त्यातला कित्येक रीम कागद आमच्याच गावचा. तेव्हा क्रिकेटवर वाद घालण्याचा हक्क आम्हां नेपानगरवासीयांना जन्मतःच प्राप्त झाला आहे, असे येथील वडीलधारी मंडळी विनोदाने म्हणतात. गावात निमाडी, हिंदी, खानदेशी, वऱ्हाडी सर्व बोली ऐकू येतात आणि वाद मात्र या सर्व बोलींत एकच चालतो.

खेळाडूंची अशी ने-आण ही आजकालची, पैशाच्या हव्यासातून निघालेली टूम आहे, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. आमच्या प्रांतातलेच उदाहरण घ्या. सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना 1923 साली आपल्याकडे नेले, सैन्यात हुद्दा दिला. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली होळकर संघ बलाढ्य झाला. 1945-46 ते 1952-53 या काळात त्याने रणजी करंडक चार वेळा जिंकला. त्या संघात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही खेळले. महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यात 1948 साली नाबाद 443 धावा करणारे ते हेच निंबाळकर. सांगलीचे विजय हजारे असेच बडोद्याचे झाले. नागपूरकरांनी नायडूंना किंवा सांगलीकरांनी हजाऱ्यांना त्याबद्दल आपल्या अभिमानातून वगळले नाही. गुणी माणसाला आश्रय देणारा जिथे मिळतो तिथे तो जातो, ही गोष्ट त्या पिढीने समजून घेतली होती.

परंतु आमच्या व्हरांड्यातला वाद जडेजावर फार काळ टिकला नाही. असल्या कोणत्याही वादात अखेर एकच नाव निघते, ते म्हणजे हार्दिक पंड्याचे. हा बडोद्याचा मुलगा 2015 साली मुंबई इंडियन्समध्ये आला आणि तेथेच घडला. 2022 साली तो नव्या गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला. पहिल्याच वर्षी त्याने अजिंक्यपद मिळवून दिले, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद. 2023 च्या नोव्हेंबरात मुंबईने त्याला परत आणले. बदल्यात खेळाडू न देता रोकड मोजली. त्याच्या पंधरा कोटींच्या मानधनाची सोय व्हावी म्हणून कॅमेरून ग्रीन हा साडेसतरा कोटींचा खेळाडू बंगळूरूला देऊन टाकला. इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. परंतु 15 डिसेंबर रोजी कर्णधारपदही त्यालाच दिल्याचे जाहीर झाले, आणि ज्या रोहित शर्माने 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 असे पाच वेळा अजिंक्यपद मिळवून दिले होते, तो साधा खेळाडू उरला. मग मात्र वणवा पेटला.

गणिताच्या सहकाऱ्यांच्या पद्धतीने हिशेब मांडू. 2024 साली मुंबईने चौदा सामने खेळून चार जिंकले, दहा गमावले, आणि दहा संघांत दहावा क्रमांक पटकावला. हार्दिकच्या धावा 216, बळी 11. सौदा साफ बुडीत! परंतु त्याच वर्षी गुजरातही आठव्या स्थानी घसरले. म्हणजे विकणाऱ्याच्या गाठीलाही फारसे लागले नाही. पुढल्या वर्षी, 2025 साली, त्याच हार्दिकच्या नेतृत्वाखाली मुंबईने बाद फेरीत त्याच गुजरातला वीस धावांनी हरवले आणि अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली. आता सौदा कसा ठरला? ज्या दिवशी वही उघडावी त्या दिवशी निराळी शिल्लक निघते. एका वर्षाचा ताळेबंद पाहून शेतकरीसुद्धा आपल्या आंब्याच्या कलमाला नावे ठेवीत नाही; आपण मात्र एका हंगामावरून माणसाचे मोल ठरवून मोकळे होतो.

आता आमच्या कबुलीजबाबाकडे वळतो. आम्ही रोहितचे निस्सीम चाहते. 24 मार्च 2024 रोजी अहमदाबादेत मुंबईचा पहिला सामना झाला. तेथील प्रेक्षक हार्दिकवर संतापले होते, कारण तो त्यांना सोडून गेला होता. 1 एप्रिलला वानखेडेवर मुंबईकरही संतापले, कारण तो त्यांच्याकडे परत आला होता! नाणेफेकीच्या वेळी हुर्यो इतकी उडाली की, समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना सभ्यतेची आठवण करून द्यावी लागली. आम्ही घरी दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. शेजारची दोन-चार मुले, आमचेच विद्यार्थी, सामना पाहण्यास आली होती. वास्तविक मांजरेकरांचे शब्द ऐकून आम्हीही वरमावयास हवे होते. परंतु आम्ही मांडीवर थाप मारून म्हणालो, “बरे झाले! अशांना असेच हवे!” मुले खदखदून हसली. दुसऱ्या दिवशी वर्गातही आम्ही तो विनोद पुन्हा केला. दहा दिवसांनी त्याच मैदानावर, प्रतिपक्षाकडून खेळणाऱ्या विराट कोहलीने प्रेक्षकांना हातांनी खुणावून हुर्यो थांबवण्यास सांगितले. हा आपल्या देशाचा खेळाडू आहे, याचे भान त्याला होते. आम्हांस नव्हते.

पुढचे सर्वांस ठाऊकच आहे. 29 जून 2024, बार्बाडोसचे मैदान, विश्वचषकाचा अंतिम सामना. क्लासेन भारताच्या हातून सामना हिरावून नेत असता त्याला बाद केले ते हार्दिकने. अखेरच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या. तेव्हा चेंडू होता हार्दिकच्याच हाती. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर तो अद्भुत झेल घेतला आणि भारत सात धावांनी जिंकला. हार्दिकचे तीन बळी, अवघ्या वीस धावांत. ज्याच्या हातून कर्णधारपद गेले होते त्या रोहितने त्याला जवळ ओढून त्याच्या गालाचे चुंबन घेतले. 4 जुलैला त्याच वानखेडेवर हजारो कंठ हार्दिकच्या नावाचा जयघोष करीत होते. तीन महिन्यांत शिव्यांच्या ओव्या झाल्या! आमच्या मुलांनीही गावात नाच केला. आम्ही पेढे वाटले. मनाशी म्हणालो, चला, प्रकरण मिटले.

परंतु ते मिटले नव्हते. त्याच वर्षी आमच्या शाळेतील एक मुलगा शाळा सोडून गेला. गिरणी 2016 साली बंद पडली आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या काळात कित्येक घरांची घडी विस्कटली, त्यांतलेच त्याचे एक घर. वडिलांनी अखेर बुऱ्हाणपुरास यंत्रमागावर काम धरले आणि बिऱ्हाड तिकडे हलवले. मुलगा उत्तम गोलंदाज. तिकडच्या एका शाळेने त्याची फी माफ केली, बूट दिले. त्याच्या आईच्या दृष्टीने हा सौदा कसा होता, हे निराळे सांगावयास नको. आमच्या संघाची मात्र कंबर मोडली.

हिवाळ्यात आंतरशालेय सामन्यासाठी तो नव्या शाळेच्या गणवेशात आमच्या मैदानावर आला. त्याने धाव घेण्यास सुरुवात केली मात्र, सीमारेषेवरून आरडाओरडा सुरू झाला, “गद्दार! गद्दार!” आम्ही तेथेच उभे होतो. आम्ही पंच नव्हतो, परंतु शिक्षक होतो. एका शब्दाने ते थांबवता आले असते. आम्ही तो शब्द उच्चारला नाही. खरे सांगावयाचे तर, त्याचे चेंडू इकडेतिकडे पडू लागलेले पाहून मनाच्या एका कोपऱ्यात आम्हांस बरेच वाटले. आमचा संघ जिंकला. सामना संपल्यावर तो मुलगा रिवाजाप्रमाणे पाया पडण्यास आला आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, मी बाबांना म्हटलं होतं, मला इथेच राहू द्या.” एवढे बोलून तो बसकडे निघून गेला.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. ओरडणाऱ्यांमध्ये आमच्या घरी सामना पाहण्यास आलेली ती मुले होती. ती आमचाच धडा गिरवीत होती.

आम्हांस आमचे स्वतःचे गावही त्या रात्री आठवले. आमची मायबोली कोंकणी. जन्म गोव्यातला, माडांच्या सावलीतला. नोकरीसाठी या सागाच्या रानात येऊन आम्हांस बरीच वर्षे झाली. मागे एकदा देवळाच्या जत्रेस गेलो असता बोलताबोलता आमच्या तोंडून दोन शब्द इकडच्या धाटणीचे निघाले. वृद्ध मामा हसून म्हणाले, “तूं आतां तांचोच जालो मरे!” तू आता त्यांचाच झालास! ते थट्टेत बोलले होते, आजूबाजूचे थट्टेतच हसले होते. परंतु काळजात काटा रुतला तो रुतलाच. आम्ही गाव सोडले ते गावावर रुसून नव्हे, पोटासाठी. मग त्या पोराने तरी दुसरे काय केले होते? जो काटा आमच्या पायात आजही सलतो, तोच आम्ही एका चौदा वर्षांच्या मुलाच्या वाटेवर पसरू दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आमची चूक बोलून दाखवली. मुले चकित झाली. शिक्षकही चुकतात, हे त्यांना बहुधा ठाऊक असावे, पण ते कबूल करतात हे नवीन होते. मग सर्वांनी मिळून त्या मुलाला एक पत्र लिहिले. उत्तर आले नाही. आम्ही ते मागितलेही नव्हते.

यंदाच्या हिवाळ्यात तो पुन्हा आला. या खेपेस सामन्यापूर्वी आम्ही मुलांना काहीच सांगितले नाही, मुद्दामच. त्याने आमच्या सलामीच्या फलंदाजाचा मधला यष्टी उडवला, तेव्हा मैदानावर क्षणभर शांतता पसरली. मग एका कोपऱ्यातून टाळी वाजली, पाठोपाठ दुसरी. टाळ्यांचा कडकडाट वगैरे काही झाला नाही. दहाबारा मुले असतील. त्याने मात्र त्या कोपऱ्याकडे वळून पाहिले. आम्ही तो सामना हरलो.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, व्हरांड्यात तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. सॅमसन घेऊन चेन्नईने मिळवले की गमावले, यावर खुशाल वाद घाला. धावा मोजा, बळी मोजा, वय मोजा, रुपये मोजा. त्याने बुद्धीला धार येते आणि मधली सुट्टीही आनंदात जाते. त्या हिशेबाला काळ लागतो आणि तो वर्षावर्षाला बदलतो. परंतु जो माणूस एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेला, त्याच्याशी आपण कसे वागलो, या हिशेबाला मुदत नसते. तो त्याच दिवशी, त्याच मैदानावर पुरा होतो आणि त्यातली चूक मागाहून खोडता येत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी हे गाव सोडून जाल. पलीकडच्या रुळांवरून दिवसरात्र गाड्या जातात. त्यांतली एखादी तुमचीही असेल. परत याल तेव्हा सीमारेषेवर कोण उभे असावे, असे तुम्हांस वाटते? त्याचा विचार करा, आणि आज त्या जागी तुम्ही उभे राहा.