दुबार नोंद

वालीवच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्याचे शटर सकाळी नऊला वर जाते आणि नवकार मंत्राच्या स्वरांनी दिवसाचा आरंभ होतो. गाळा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. मालकांना मात्र संगीताचा मोठा छंद. कॅसेट, सीडी, पेन ड्राइव्ह अशा मार्गांनी चाळीस वर्षांत जमलेली स्तवने, भावगीते आणि जुनी चित्रपटगीते त्यांनी एका संगणकात एकत्र केली. संख्या ४,००० वर गेली. तरीही दुपारच्या डब्यापर्यंत एखादे गाणे तिसऱ्यांदा लागे आणि खोकी बांधणारा कामगार हसून म्हणे, "शेठ, कालचाच माल परत आला!"

शेठजी हिशेबी वृत्तीचे. दिवाळीपूर्वी गोदामातील माल मोजावा, तशी त्यांनी सुनेला सोबत घेऊन गाण्यांची मोजदाद सुरू केली. तेव्हा दोष एक नसून दोन असल्याचे ध्यानात आले.

पहिला दोष निवडीचा. ४,००० गाण्यांतून प्रत्येक वेळी नव्याने चिठ्ठी काढली आणि ती पुन्हा त्याच डब्यात टाकली, तर सुमारे ७५ गाण्यांच्या आतच एखादे पुन्हा लागण्याची शक्यता निम्मी असते. उपाय सोपा होता. पत्ते पिसावेत तशी सर्व यादी एकदा पिसायची आणि ती संपेपर्यंत वाजलेले गाणे पुन्हा घ्यायचे नाही.

दुसरा दोष दुबार नोंदीचा. एकच गीत कॅसेटवरून, सीडीवरून आणि कोणाच्या तरी मोबाइलवरून तीन निराळ्या नावांनी आलेले. त्यांतील एक १२८ आणि दुसरे ३२० केबीपीएस दर्जाचे असेल, तर संगणकाच्या लेखी ते दोन स्वतंत्र नग. ध्वनीचा ठसा घेऊन अशी गाणी जुळवणारी साधने आहेत. परंतु शेठजींनी घाईने नावावरून जुळणी केली.

नावाचा प्रश्न तसा जुनाच. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी लागे. १९९६ मध्ये एमपी३ फायलीला आयडी३ ही नामपट्टी जोडली गेली, तीही फायलीच्या अखेरीसच. तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकासाठी अवघ्या ३० अक्षरांची जागा होती. नाव अपुरे राहिले की ओळखही अपुरीच राहते. 'भक्तामर स्तोत्र' या एकाच नावाच्या दोन फायलींपैकी एकीत श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेची ४४ पद्ये असतील आणि दुसरीत दिगंबर परंपरेची ४८. त्यांतील एक दुबार ठरवणे हा हिशेब नव्हे, अज्ञान होय.

नेमकी तशीच चूक घडली. एकाच नावाच्या फायलींपैकी मोठी ठेवावी, लहान काढून टाकावी, असा नियम लावून शेठजींनी एका रात्रीत सहाशेहून अधिक फायली पुसल्या. आठवडाभर गाळ्यात सारे सुरळीत वाजत राहिले. मग एका सकाळी ते थबकले. एका स्तवनाला नामांकित गायकाचा स्वच्छ आवाज होता. त्याच नावाची दुसरी, खरखरीत फाइल नाहीशी झाली होती. ती बांच्या आवाजातली होती. घरच्या टेपरेकॉर्डरवर एका दुपारी टिपलेली. मध्येच त्या थांबून नातवाला हाक मारीत. बा जाऊन अकरा वर्षे झाली होती. मूळ कॅसेट, "आता संगणकात आहे ना," म्हणून भंगारात गेली होती.

शेठजी त्या दिवशी जेवले नाहीत. सून हळूच म्हणाली, "पप्पा, मोठ्या काकांना विचारू या का?" काही वर्षांपूर्वी शेठजींनीच साऱ्या संग्रहाची एक प्रत भरून थोरल्या भावाला दिली होती. भावाने ती कधी उघडलीही नव्हती. कपाटातल्या जुन्या चाव्यांच्या डब्यात तो पेन ड्राइव्ह सापडला. त्या रात्री दोन्ही घरची माणसे एकत्र बसली. खरखर, स्तवन आणि मध्येच नातवाला मारलेली हाक. तो नातू आता तिशीचा. त्याने मान खाली घातली.

ज्या दुबार प्रतींवर शेठजी रुष्ट झाले होते, तसल्याच एका प्रतीने बांचा आवाज राखला. ऐकताना पुनरुक्ती नको, हे खरे. जपताना मात्र ती हवी. अपरिग्रहाचा अर्थ अनावश्यकाचा त्याग असा आहे, आणि त्यासाठी आवश्यक काय ते आधी पारखावे लागते. ते काम फायलीच्या आकारावर सोपवता येत नाही.

आता त्या फाइलीला पूर्ण नाव आहे: स्तवन, बांचे नाव, स्थळ आणि साल. तिच्या तीन प्रती तीन घरांत आहेत. गाळ्याच्या यादीत मात्र ती ठेवलेली नाही. बांच्या पुण्यतिथीला ती घरी लावली जाते आणि त्या दिवशी कोणी दुसऱ्यांदा ऐकू इच्छिले, तर शेठजी ती पुन्हा लावतात.